शिक्षेने माणूस सुधारतो का?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता : ‘तुरुंगात हाल जास्त झाले, तर सुटून आलेला माणूस पुन्हा गुन्हा करायला कचरेल का?’ चाळीस शिक्षकांपैकी तिसाहून अधिक जणांचे हात ‘हो’ म्हणून वर गेले. मग चर्चा सुरू झाली. एक अनुभवी बाई म्हणाल्या, “वीस वर्षं शिकवतेय मी. मार बसलेलं पोर दुसऱ्या दिवशी सरळ वागतं. शाबासकी दिलेलं डोक्यावर बसतं. माणसाचा स्वभावच तसा आहे.” मागच्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले, “बाई, तुम्ही ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला नाही का? खुनी माणसंसुद्धा विश्वासानं सुधारतात.”

एकीकडे वीस वर्षांचा अनुभव, दुसरीकडे सिनेमा. दोघेही मनापासून बोलत होते. पण यातले खरे काय, हे ठरवायचे कसे? सुदैवाने हा प्रश्न मतांवर सोडून द्यावा लागत नाही. तो तपासता येतो. मात्र तपासताना आपली फसगत कुठे होऊ शकते, हे आधी समजून घ्यावे लागते.

भिंती नसलेला तुरुंग

गुरुजींच्या सिनेमापासून सुरुवात करू. १९५७ साली आलेल्या व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात एक जेलर खुनाच्या सहा कैद्यांना माळरानावर नेतो. ना बेड्या, ना भिंती. तिथे ते शेती करतात. चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. तिला खराखुरा आधार आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या मदतीने १९३९ साली तिथे कैद्यांना उघड्यावर, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. कैद्यांच्या कुटुंबांनाही तिथे राहता येत असे. गांधीजींच्या विचारांचा या दोघांवर मोठा प्रभाव होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनेही ही वसाहत चालू ठेवली. पुढे अशी खुली कारागृहे इतरत्रही निघाली. राजस्थानातले सांगानेरचे खुले कारागृह त्यांतले विशेष प्रसिद्ध. तिथले कैदी सहकुटुंब राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात.

खुल्या कारागृहांतून पळून जाणारे थोडेच असतात. मग गुरुजींचा मुद्दा सिद्ध झाला का? जरा थांबू या. खुल्या कारागृहात कोणाला पाठवतात? ज्याने शिक्षेचा बराचसा काळ बंद तुरुंगात काढला आहे आणि ज्याची वागणूक चांगली आहे, अशालाच. एखाद्या शिकवणीने नव्वद टक्क्यांच्या वरची मुलेच घ्यायची आणि ‘आमचा निकाल शंभर टक्के’ अशी पाटी लावायची, यातलाच हा प्रकार. निकाल खोटा नसतो. पण तो शिकवणीमुळे लागला की निवडीमुळे, हे त्यावरून कळत नाही. स्वतंत्रपूरच्या प्रयोगाने एक गोष्ट मात्र नक्की दाखवली : गंभीर गुन्हा केलेला माणूसही भिंतीवाचून राहू शकतो. हे छोटे काम नव्हे. परंतु ‘विश्वासाने माणूस सुधारतो’ हा सर्वसाधारण नियम सिद्ध करायला एवढे पुरत नाही.

सापशिडीचा फासा काय सांगतो?

आता बाईंचा अनुभव. त्यासाठी वर्गात एक प्रयोग करून पाहा. साठ मुलांचा वर्ग आहे असे समजू. प्रत्येकाने सापशिडीचा फासा एकदा टाकायचा आणि पडलेला आकडा वहीत लिहायचा. साधारण दहा मुलांना १ पडेल. त्यांना उभे करून चांगले रागवा (खोटे खोटे!). साधारण दहा जणांना ६ पडेल. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. मग या वीस जणांना पुन्हा फासा टाकायला सांगा.

काय दिसेल? रागावलेल्या दहांपैकी आठएक जणांचा आकडा वाढलेला असेल. शाबासकी मिळालेल्या दहांपैकी आठएक जणांचा कमी झालेला असेल. म्हणजे रागावल्याने मुले सुधारली आणि कौतुकाने बिघडली! पण फाशाला कान नसतात. पहिल्या खेपेला जे अगदी तळाला होते, त्यांना वर जाण्याखेरीज फारशी वाटच नव्हती. जे टोकाला होते, त्यांना खाली येण्यावाचून गत्यंतर नव्हते. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांना एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुले यांच्या उंचीची मोजमापे तपासताना हे प्रथम नीट लक्षात आले.

मुलाचे वागणे म्हणजे काही फासा नव्हे. पण त्यातही रोजच्या रोज वरखाली होणारा एक भाग असतोच. मूल सगळ्यात वाईट वागते त्या दिवशी आपण त्याला मारतो. दुसऱ्या दिवशी ते एरवीसारखे वागते आणि श्रेय छडीला मिळते. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. पण त्याचे कारण वेगळे असण्याची शक्यता त्यांच्यासमोर आलेली नव्हती.

गुन्हेगारीतही हेच होते. माणूस पकडला जातो तो बहुधा त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट काळात. शिवाय गुन्ह्यांचे प्रमाण तरुणपणी सर्वाधिक असते आणि वय वाढते तसे ते आपोआप उतरते. हे अनेक देशांत दिसून आलेले आहे. त्यामुळे पकडलेल्या माणसाचे काहीही केले, म्हणजे त्याला फटके मारले, भजन करायला लावले किंवा नुसते घरी पाठवले, तरी काही जण पुढे सुधारलेले दिसणारच. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना पुरेशी नाही. जवळपास तशाच, पण तो उपाय न केलेल्या माणसांशी तुलना करायला हवी. दोन गट सारखे करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणे.

भीती दाखवण्याचा प्रयोग

अशी चिठ्ठ्या टाकून केलेली एक तपासणी आपणा शिक्षकांना माहीत असायलाच हवी. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील तुरुंगात १९७६ साली जन्मठेपेच्या कैद्यांनी एक उपक्रम सुरू केला. वाट चुकू लागलेल्या मुलांना तुरुंगात आणायचे आणि आत काय भोगावे लागते ते ओरडून, धमकावून, अंगावर काटा येईल अशा भाषेत सांगायचे. १९७८ मध्ये यावर एक माहितीपट निघाला. त्यात सतरा मुले-मुली दाखवली होती आणि त्यांतली बहुतेक सुधारली असे सांगितले होते. त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. अनेक राज्यांनी हा उपक्रम उचलला. स्वस्त, झटपट आणि मनाला पटणारा उपाय! फाशाचा प्रयोग आठवत असेल, तर इथे शंका यायला हवी.

जेम्स फिंकेनॉवर या संशोधकाने राहवेच्या उपक्रमाची तपासणी केली. काही मुलांना तुरुंग दाखवायला नेले, काहींना नेले नाही. नेलेली मुले ४६, न नेलेली ३५. पुढच्या सहा महिन्यांत न नेलेल्या मुलांपैकी ११ टक्के मुले पुन्हा गुन्ह्यात सापडली. तुरुंग पाहून आलेल्यांपैकी ४१ टक्के! गट लहान होते आणि चिठ्ठ्यांचा नियम सर्वत्र काटेकोरपणे पाळला गेला नव्हता. त्यामुळे या एकाच तपासणीवर विसंबणे बरोबर ठरले नसते. पण २००२ साली अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष तोच निघाला. भीती दाखवण्याचा उपयोग तर होत नाहीच, काहीही न करण्यापेक्षा त्याने नुकसान होते.

असे का व्हावे? काही मुलांना ते दांडगे कैदीच शूर वाटले असतील. काहींना ‘मी घाबरत नाही’ हे मित्रांना दाखवायचे असेल. कारण कोणतेही असो, ‘चांगली भीती घातली की मूल सुधारते’ हा विचार तपासणीत टिकला नाही. एखाद्या शाळेने मुलांना तुरुंग दाखवायला नेण्याचा बेत केला, तर हे आकडे त्या बैठकीत जरूर मांडावेत.

तुरुंग कशासाठी?

पुढे जाण्याआधी एक घोटाळा दूर करू. माणसाला तुरुंगात टाकण्यामागे चार वेगवेगळे हेतू असतात. पहिला, केल्या कर्माचे फळ मिळावे. दुसरा, त्याला आणि इतरांना जरब बसावी. तिसरा, तो आत असेपर्यंत बाहेरचे लोक सुरक्षित राहावेत. चौथा, त्याने सुधारून बाहेर यावे. यांतला पहिला हेतू न्यायाचा आहे. ज्याचे माणूस मारले गेले, त्याला ‘आकडेवारी पाहा’ असे सांगता येत नाही, सांगूही नये. तिथे विज्ञानाला बोलण्याचा अधिकार नाही. पण बाकीचे तीन हेतू परिणामांविषयी आहेत. परिणाम मोजता येतात.

आपल्याकडचे आधुनिक तुरुंग इंग्रजांनी बांधले. मेकॉले यांच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली दिलेल्या अहवालात भर होता तो कंटाळवाण्या, रटाळ कष्टांवर. कैद्याला शिकवून सुधारण्याची कल्पना तिला पटली नव्हती. १९१९-२० च्या जेल समितीने मात्र सुधारणा हाही तुरुंगाचा हेतू मानला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने १९८३ साली तेच अधिक ठामपणे मांडले. म्हणजे कागदावर हा वाद आपण केव्हाच मिटवला आहे.

‘कशाचाच उपयोग होत नाही’

अमेरिकेत मात्र गाडी उलट दिशेने गेली. रॉबर्ट मार्टिनसन यांनी १९७४ साली कैदी-सुधारणेच्या २३१ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. शिक्षण, समुपदेशन, कामाचे प्रशिक्षण यांपैकी कशाचाही भरवशाचा परिणाम त्यांना दिसला नाही. ‘कशाचाच उपयोग होत नाही’ हे वाक्य सगळीकडे झाले. लांब आणि सक्तीच्या शिक्षांचे कायदे करणाऱ्यांना ते हवेच होते. १९७२ च्या सुमारास अमेरिकेच्या राज्य आणि संघीय तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ च्या सुमारास ते पंधरा लाखांवर गेले. ही वाढ एका लेखामुळे झाली असे नव्हे, पण त्या लेखाचा आधार सर्रास घेतला गेला.

यात चूक काय होती? एक म्हणजे ‘उपयोग होतो असे सिद्ध झाले नाही’ आणि ‘उपयोग होत नाही असे सिद्ध झाले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे म्हणजे चांगले, वाईट, अर्धवट राबवलेले सगळे उपक्रम एकाच टोपलीत घातले गेले. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या सगळ्या उपक्रमांची सरासरी काढली, तर ‘उपक्रमांनी काही होत नाही’ असेच दिसेल. त्यातला एखादा उत्तम उपक्रम सरासरीत बुडून जातो. १९७९ मध्ये खुद्द मार्टिनसन यांनी आपले मत बदलले आणि काही उपक्रमांचा उपयोग होतो असे लिहिले. त्या लेखाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

चौतीस गुण आणि पस्तीस गुण

कडक तुरुंग आणि सौम्य तुरुंग यांची तुलना करायची तर कैद्यांच्या नावाने चिठ्ठ्या कोण टाकू देणार? संशोधकांनी इथे एक युक्ती केली. ती शिक्षकांना लगेच समजेल. पस्तीस गुणांना उत्तीर्ण होतात. चौतीस गुणांचा मुलगा आणि पस्तीस गुणांचा मुलगा यांच्यात फरक तो किती? जवळजवळ नाहीच. पण एक नापास होतो, दुसरा वरच्या वर्गात जातो. पुढे त्या दोघांत फरक पडला, तर तो बराचसा नापास होण्याचा परिणाम समजायला हरकत नाही.

अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत प्रत्येक कैद्याला तो दाखल होताना धोक्याचे गुण देतात आणि ठरावीक गुणांच्या वर त्याला अधिक बंदोबस्ताच्या तुरुंगात पाठवतात. कीथ चेन आणि जेसी शपायरो यांनी या सीमारेषेच्या किंचित खालचे आणि किंचित वरचे कैदी निवडले आणि त्यांची तुलना २००७ साली प्रसिद्ध केली. जास्त कडक तुरुंगात गेलेले कैदी सुटल्यावर कमी गुन्हे करताना दिसले नाहीत. झालाच असेल तर परिणाम उलट दिशेने होता.

दुसरा दाखला इटलीचा. तुरुंग फार भरल्यामुळे २००६ मध्ये तिथल्या संसदेने वीस हजारांहून अधिक कैदी एकदम सोडले. अट एक होती : पाच वर्षांत पुन्हा गंभीर गुन्हा केला, तर नव्या शिक्षेत जुनी उरलेली शिक्षाही भोगावी लागेल. कोणाची दोन महिने उरली होती, कोणाची दोन वर्षे. म्हणजे सारख्याच गुन्ह्यासाठी प्रत्येकाच्या डोक्यावरची तलवार वेगवेगळ्या वजनाची होती. फ्रान्चेस्को द्रागो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की ज्यांची जास्त शिक्षा उरली होती त्यांनी कमी प्रमाणात गुन्हे केले. म्हणजे शिक्षेच्या धाकाला काहीच अर्थ नाही असे म्हणता येणार नाही. याच संशोधकांनी मग तुरुंगातल्या हालांचा परिणाम पाहिला. जिथे कैद्यांचे मृत्यू जास्त होत, जे तुरुंग वस्तीपासून दूर होते, तिथून सुटलेल्यांनी कमी गुन्हे केले का? नाही. हालांमुळे गुन्हे घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. ‘पुन्हा केलेस तर नक्की इतके भोगावे लागेल’ हा धाक काम करतो. आत कैद्याला किती छळले, याने त्यात भर पडत नाही. इटलीच्याच चेझारे बेकारिया यांनी १७६४ साली मांडले होते, की शिक्षेची तीव्रता नव्हे तर तिची खात्री गुन्हा रोखते. वर्गातही, वही तपासली जाणारच याची खात्री असलेली मुले गृहपाठ करतात. कधीमधी बसणाऱ्या माराच्या भीतीने तेवढे होत नाही.

दोन देश, दोन तुरुंग

आता सरळ प्रश्न : तुरुंगात जाण्याने माणूस सुधारतो की बिघडतो? काही ठिकाणी खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाणार हे क्रमाने किंवा सोडतीने ठरते. न्यायाधीशांत काही कडक असतात, काही मवाळ. ज्याचा गुन्हा काठावरचा आहे, तो कडक न्यायाधीशाकडे गेला तर तुरुंगात जातो, मवाळाकडे गेला तर दंडावर किंवा समाजसेवेच्या अटीवर सुटतो. ही आपोआप पडलेली चिठ्ठीच झाली.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील हॅरिस परगण्यात मायकेल म्युलर-स्मिथ यांनी अशी तपासणी केली. तुरुंगात गेलेल्यांनी सुटल्यावर अधिक आणि अधिक गंभीर गुन्हे केले आणि त्यांना कामधंदाही कमी मिळाला. नॉर्वेत मनुदीप भुल्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत वापरली. त्यांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तिथे उलट आढळले. तुरुंगात गेल्यामुळे पाच वर्षांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पंचविसाहून अधिकने घटले.

युक्ती एक, पण उत्तरे उलटी. हे कसे? दोन्हीकडे ‘तुरुंग’ हा शब्द एक असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. नॉर्वेत शिक्षा साधारणपणे काही महिन्यांची असते आणि आत शाळा व कामाचे प्रशिक्षण असते. तुरुंगातले शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंग खात्याचे नोकर नसतात. बाहेरच्या शाळा, दवाखाने आणि ग्रंथालये हीच सेवा आत पुरवतात. त्यामुळे सुटल्यावर धागा तुटत नाही. आणि सर्वांत बोलका तपशील असा : फायदा झाला तो मुख्यतः आधी कामधंदा नसलेल्यांना. ते आत प्रशिक्षणात गेले आणि बाहेर आल्यावर कामाला लागले. ज्यांना आधीपासून नोकरी होती, त्यांचा असा फायदा दिसला नाही. उलट त्यांची नोकरी गेली. म्हणजे तुरुंगात जादू नव्हती. काम मिळण्यात काहीतरी होते.

सुधारणेच्या बाजूनेही डोळे झाकून बोलू नये. अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांमध्ये पुन्हा तुरुंगात जाण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्केबिंदूंनी कमी दिसले. पण शिकायला स्वतःहून पुढे येणारा कैदी मुळातच वेगळा असू शकतो. स्वतंत्रपूरची शंका इथेही लागू आहे. तुरुंगात केलेल्या मानसोपचारांच्या २९ प्रयोगांचा आढावा २०२१ मध्ये निघाला. एकत्रित परिणाम चांगला दिसला, पण अगदी छोटे प्रयोग वगळल्यावर तो खात्रीचा राहिला नाही. मग जमेला काय उरते? काम, शिक्षण आणि सुटल्यानंतर हात धरणारी व्यवस्था यांचा उपयोग होतो, असा पुरावा अनेक बाजूंनी मिळतो. नुसत्या प्रवचनांचा किंवा चार आठवड्यांच्या वर्गांचा होतोच असे नाही. नुसत्या हालांचा होतो, असे तर वर सांगितलेल्या कोणत्याच तपासणीत दिसलेले नाही.

आपले तुरुंग

आता आपल्याकडे वळू. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६. कैदी होते ५,७३,२२०. म्हणजे शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. ही सरासरी झाली. काही तुरुंगांत याच्या दुप्पट गर्दी असते. तिथे झोपायची जागा, संडास, पाणी आणि खरूज-क्षय यांचे प्रश्न काय होतात, हे वेगळे सांगायला नको.

त्याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ कैदी ‘कच्चे’ होते. म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नव्हता. कायद्याच्या नजरेत ते निर्दोष आहेत. दर चार कैद्यांपैकी तिघे असे! ‘शिक्षा की सुधारणा’ हा आपला सगळा वाद उरलेल्या चौथ्याविषयी आहे. कच्च्या कैद्याला शिक्षा झालेली नाही, म्हणून त्याला सक्तीचे काम नाही. तुरुंगातले बरेचसे प्रशिक्षणही पक्क्या कैद्यांसाठी आखलेले असते. तो आज सुटेल की तीन वर्षांनी, हे कोणालाच माहीत नसते. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरची कमाई मात्र पहिल्या दिवसापासून बंद होते. टेक्सासच्या अभ्यासात जे नुकसान दिसले, म्हणजे काम गेले, घर मोडले, ते सारे याच्या वाट्याला येते. तेही गुन्हा सिद्ध होण्याआधी.

हे नवीन नाही. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारमधले असे कच्चे कैदी आले, की आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ ते आत होते. न्यायालयाने जलद सुनावणी हा हक्क मानला. पुढे २००६ पासून असा नियम अमलात आला, की त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला सोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी हा काळ एक-तृतीयांशावर आणला. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. नियम आहे, पण जामिनाची रक्कम भरायला किंवा हमी द्यायला कोणी नसेल तर तो कागदावरच राहतो.

एक गोष्ट आकड्यांविषयीही. आपल्याकडे एखाद्या वर्षी तुरुंगात आलेल्या पक्क्या कैद्यांपैकी पूर्वी शिक्षा झालेले किती, हे मोजतात. हा आकडा लहान दिसतो, म्हणून ‘आपले तुरुंग चांगले सुधारतात’ असे म्हणायचा मोह होतो. पण हे म्हणजे दहावीच्या वर्गात पुन्हा बसलेली मुले मोजून शाळा सोडून गेलेल्यांचा हिशेब लावण्यासारखे आहे. खरा प्रश्न पुढे पाहण्याचा आहे : या वर्षी सुटलेल्या शंभरांपैकी पाच वर्षांनी किती जण पुन्हा आत आले आणि किती जण कामाला लागले?

पुन्हा शिबिरात

त्या शिबिरात आम्ही फासे वाटले. एक पडलेल्यांना बाईंनीच रागवायचे होते आणि त्यांनी ते मनापासून केले. दुसऱ्या खेपेचे आकडे फळ्यावर आल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे वीस वर्षं मी फाशाला मारत होते की काय?” सगळे हसले, त्याही हसल्या. पण गुरुजींना आम्ही सुटू दिले नाही. त्यांच्या सहा कैद्यांची निवड कोणी केली होती, हा प्रश्न त्यांना विचारलाच.

बाईंना आम्ही एवढेच सुचवले, की एक वही करावी. कोणत्या मुलाला कधी शिक्षा केली, कधी नुसते जवळ बसवून बोललो, कधी काहीच केले नाही आणि महिनाभराने काय दिसले, ते त्यात लिहीत जावे. दुसऱ्या दिवशीचे नव्हे, महिनाभराने. हीच वही देशाने आपल्या तुरुंगांसाठी ठेवली पाहिजे. तोपर्यंत इतके तरी करता येईल : ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही, त्या चारांतल्या तिघांची सुनावणी वेळेवर व्हावी. कारण त्यांना आत ठेवून आपण ना शिक्षा करत आहोत, ना सुधारणा.